उतारवयांतील शेतकरी आणि ट्रॅक्टरचीं नित्याचीं कामें

या मासिकाचे वाचक बहुतेक स्वतःची जमीन कसणारे आहेत, आणि त्यांत साठी उलटलेल्यांची संख्या थोडी नसावी. मुलगा कर्ता होतो, सातबाऱ्यावर नांव आपलें राहिलें तरी ट्रॅक्टरची किल्ली त्याच्या खिशांत जाते, आणि सकाळीं उठल्यावर कोणत्या कामाला हात घालावा हें कळेनासें होतें. ही अवस्था पुष्कळांच्या वांट्यास येते, पण तिजविषयीं पारावर कोणी बोलत नाहीं. पाऊसपाणी व उसाचा दर हेच विषय निघतात. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहें. वाळवें तालुक्यांत कृष्णेच्या कांठीं अकरा एकर काळी जमीन, तींत ऊस, सोयाबीन व हरभरा, आणि १९८८ सालापासून घरीं ट्रॅक्टर, असा माझा प्रपंच आहे. गेल्या तीन वर्षांत या विषयाचा जो अनुभव आला तो समवयस्क शेतकरी बंधूंच्या उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें मांडीत आहें.

बैलांच्या काळीं म्हाताऱ्या माणसाला काम शोधावें लागत नसे. माझ्या आजोबांनीं पासष्टीनंतर नांगर धरला नाहीं; परंतु ते रिकामे बसलेले मला आठवत नाहींत. पहांटे बैलांना वैरण टाकणें, त्यांना पाण्यावर नेणें, अंबाडीच्या वाखाचीं दावीं व कासरे वळणें, म्होरक्या दुरुस्त करणें, गाडीच्या आंसाला वंगण घालणें, जूं घासून बैलाचा खांदा सुजला आहे काय हें हातानें चांचपून पाहणें, हीं सर्व कामें त्यांचीं. तीं बसल्या जागचीं किंवा हळू चालीचीं होतीं, पण त्यांवांचून नांगर चालत नसे. आणि ही गोष्ट घरांत सर्वांना माहीत असे. म्हणून त्यांचा शब्द चाले. पुढें ट्रॅक्टर आला, बैलजोडी विकली, गोठा रिकामा झाला, आणि त्याबरोबर म्हाताऱ्याचें हें सगळें खातेंच बुडालें. ट्रॅक्टरला वैरण लागत नाहीं असा आपण समज करून घेतला. तो समज किती चुकीचा आहे हें पुढें येईलच.

दुसरें बुडालें तें चालणें. हिशेब करून पाहावा. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. नांगराच्या एका तासाची रुंदी नऊ इंच धरली तर एकरभर रान नांगरतांना बैलांच्या मागून ५८,०८० फूट, म्हणजे बरोबर अकरा मैल, चालावें लागे, वळणें वेगळीं. हल्लींच्या मापानें हे सुमारें पावणेअठरा किलोमीटर होतात. आज तोच एकर पलटी नांगरानें दोन-अडीच तासांत उलथतो, आणि नांगरणारा बैठकीवरून खालीं उतरतहि नाहीं. याबद्दल कोणी हळहळावें असें मी म्हणत नाहीं. त्या अकरा मैलांनीं कित्येकांचे गुडघे नेले. परंतु ट्रॅक्टरवर दिवस काढून संध्याकाळीं जो शीण येतो तो श्रमाचा आहे, अशी समजूत मात्र करून घेऊं नये. तो बहुतांशीं हादऱ्यांचा व आवाजाचा शीण आहे. सेकंदाला चार ते आठ वेळां हालविणारे हादरे बसलेल्या माणसाच्या कण्याला सर्वांत अधिक बाधतात, आणि खडबडीत रानांतून जाणाऱ्या ट्रॅक्टरचे पुष्कळसे हादरे याच्याच आसपासचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं जें मार्गदर्शन प्रसिद्ध केलें त्यांत पासष्टीपुढील माणसांनीं आठवड्यास दीडशें ते तीनशें मिनिटें मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि आठवड्यांतून निदान तीन दिवस तोल व ताकद राखणारा व्यायाम करावा, असें सांगितलें आहे. ट्रॅक्टरच्या बैठकीवरचे तास या खात्यांत जमा धरतां येत नाहींत.

आतां जी गोष्ट सांगावयाची ती सांगण्यास संकोच वाटतो, पण तिच्यावांचून पुढचें लिहिण्याचा अधिकार मला पोंचत नाहीं. तीन वर्षांपूर्वीं मार्गशीर्षांत मी शेणखताची ट्रॉली विहिरीजवळच्या पट्टींत मागें सरकवीत होतों. दिवस मावळला होता. मान पूर्वीसारखी खांद्यावरून वळत नाहीं, म्हणून अर्धें पाहून व अर्धें अंदाजानें मी ट्रॉली मागें घेत होतों. ही दोन-तीन वर्षांची संवयच झाली होती, आणि तोंवर कांहीं बिघडलें नव्हतें. एवढ्यांत सूनबाई बांधावरून दोन्ही हात वर करून धांवत येतांना दिसली. ती "मामंजी, थांबा" म्हणून ओरडत होती हें मागाहून कळलें; मला एक अक्षर ऐकूं आलें नाहीं. मीं क्लच व ब्रेक एकदम दाबले. ट्रॉलीच्या मागच्या फळीपासून चार हातांवर, बोरीच्या झाडाखालीं, माझा नऊ वर्षांचा नातू वांकून बोरें वेंचीत होता. ट्रॅक्टरचा आवाज त्याच्या रोजच्या कानांतला, म्हणून त्यानें वळूनहि पाहिलें नव्हतें.

त्या रात्रीं घरांत कोणी कांहीं बोललें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं खुंटीवर किल्ली नव्हती. मुलगा म्हणाला, "आबा, आतां तुम्ही आराम करा." त्या शब्दांत राग नव्हता, आणि म्हणूनच ते अधिक लागले. पंधरा दिवस मी ओट्यावर बसून काढले. अन्न गोड लागेना, दुपारीं झोंप येई व रात्रीं येत नसे. आणि जे गुडघे ट्रॅक्टरवर चढतां-उतरतां कुरकुरत ते आतां ओट्यावरून उठतांनाच कुरकुरूं लागले. त्याच पंधरवड्यांत ट्रॅक्टर दोनदां बंद पडला. एकदां डिझेलच्या गाळणींत पाणी आलें होतें. एकदां रेडिएटरच्या जाळीवर पाचटाचा भुसा बसून पाणी उकळलें. या दोन्ही गोष्टी मी रोज सकाळीं पाहत असें, हें मुलाला ठाऊक नव्हतें. मींहि त्याला कधीं सांगितलें नव्हतें, हा माझा दोष. शेवटीं एका रात्रीं जेवणें झाल्यावर आम्ही दोघे बसलों आणि कामांची वांटणी केली. जमिनीच्या वांटण्या गांवांत पुष्कळ पाहिल्या आहेत. त्या मानानें ही लवकर उरकली.

सकाळची पाहणी माझ्याकडे आली. ती थोडी विस्तारानें सांगतों, कारण ट्रॅक्टरची वैरण ती हीच. ट्रॅक्टर सपाट जागीं उभा व थंड असतांना तेल मोजण्याची पट्टी काढून पुसावी, पुन्हां बुडवावी आणि मग खुणा पाहाव्या. तेल दुधट दिसलें तर आंत पाणी शिरलें आहे असें समजून इंजिन सुरूच करूं नये. रेडिएटरचें टोपणहि थंडपणींच उघडावें. तापलेलें टोपण उघडणाऱ्याचें तोंड वाफेनें भाजतें. जाळींतील पाचट ब्रशानें झाडावें. तेलाच्या वाटीचा एअर क्लीनर असेल तर वाटी उतरून तळचा गाळ पाहावा. काळ्या रानांत रब्बीची मशागत चालू असली कीं ही वाटी चार-दोन दिवसांतच चिखलासारखी होते, आणि ती तशीच ठेवून पुढें काम रेटणाऱ्याचें इंजिन लवकर झिजतें. गाळणीच्या तळचा स्क्रू सैल करून साचलेलें पाणी सोडावें. एअर धरली तर हातपंपानें काढावी. हें पाणी येतें कोठून, असें मुलानें मला विचारलें होतें. टाकी अर्धी रिकामी असतां रात्रीच्या गारठ्यानें आंतल्या हवेंतील ओल टाकीच्या पत्र्यावर दंवासारखी धरते आणि तळाशीं उतरते. म्हणून डिझेल सकाळीं न भरतां संध्याकाळीं काम संपल्यावर भरावें. ही एक संवय लागली तर गाळणीचें निम्में दुखणें जातें.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी धरली असेल तर ती धुवून वर पेट्रोलियम जेली लावावी. पंख्याचा पट्टा अंगठ्यानें दाबून पाहावा; सुमारें अर्धा इंच दबला तर ठीक, मात्र आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेंत वेगळें माप असेल तर तेंच धरावें. ग्रीस देतांना निपलचें तोंड आधीं फडक्यानें पुसावें, नाहीं तर ग्रीसबरोबर मातीहि सांध्यांत जाते. घाईच्या तरुण हातांकडून ही चूक नेहमीं होते. उसाच्या भागांत उंदीर वायरी कुरतडतात, त्यांकडेहि नजर ठेवावी. चाकांची हवा, नट, लोंबणारा एखादा पिनेचा सांखळदोर, असें पाहतां पाहतां पाऊण तास जातो, आणि तेवढ्यांत माणूस वीस वेळां वांकतो, दहा वेळां बसतो-उठतो, हात डोक्यावर नेतो, एका पायावर भार देऊन पलीकडे झुकतो. डॉक्टर ज्याला तोलाचा व्यायाम म्हणतात तो याहून फारसा निराळा नाहीं.

चालविण्याचीं कामें सगळीं सोडावीं असें आम्हीं ठरविलें नाहीं. सपाट व मोकळ्या रानांतील कुळवणी, फळी मारणें आणि सऱ्या सोडणें हीं माझ्याकडे राहिलीं. सरी सरळ सोडावयाची तर नजर चाकाजवळ नव्हे, रानाच्या पलीकडल्या टोकाला ठेवावी लागते. हें कसब वयानें जात नाहीं, उलट पिकतें, आणि मुलानें सोडलेली सरी अजून मला वांकडी दिसते. पण सलग दोन तासांहून अधिक मी बसत नाहीं. ट्रॅक्टर बंद करून उतरतों, दोन फेऱ्या पायीं घालतों, पाणी पितों व मग पुन्हां बसतों. रोटावेटर मीं मुळींच ठेवला नाहीं.

त्याचें कारण नीट समजून घ्यावें. पी. टी. ओ.चा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. तीन इंच जाडीच्या दांड्याभोंवतीं या वेगानें एका सेकंदांत सुमारें सात फूट कापड गुंडाळलें जातें. आपल्या धोतराचा सोगा किंवा उपरण्याचें टोंक त्यांत सांपडलें तर दोन सेकंदांत सगळें धोतर आणि त्याबरोबर माणूस ओढला जातो. ओरडण्याससुद्धां अवधि मिळत नाहीं. थंडींतला मफलर व अंगावरची घोंगडी यांचेंहि तेंच. दांड्यावरचें आवरण मोडलें तर तें त्याच दिवशीं नवें बसवावें, इंजिन बंद केल्याखेरीज यंत्रांत अडकलेलें पाचट काढूं नये, आणि फिरत्या दांड्यावरून कोणीहि ओलांडून जाऊं नये. मळणी यंत्र असो कीं पाचट कुट्टी करणारें यंत्र असो, नियम हाच. मी धोतर सोडलें नाहीं, तेव्हां हीं यंत्रें सोडलीं.

बांधाची कड, ओढ्याची उतरण आणि विहिरीचा कांठ हेहि मीं मुलाकडे दिले. बाजूला कलणारा ट्रॅक्टर किंवा पुढचीं चाकें उचलून मागें उलटणारा ट्रॅक्टर सांवरण्यास क्षणाचाहि वेळ मिळत नाहीं, आणि वाढत्या वयांत हातापायांना हुकूम पोंचण्यास जो थोडा उशीर होतो तो येथें प्राणावर बेततो. रुतलेली उसाची ट्रॉली काढतांना सांखळी उंचावर बांधण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे; ओझें खालीं ड्रॉबारलाच जोडावें, वर जोडल्यास ट्रॅक्टर मागच्या आंसाभोंवतीं उलटतो. अमेरिकेंत शेतावरील प्राणघातक अपघातांत ट्रॅक्टर उलटणें हें फार वर्षें पहिल्या क्रमांकाचें कारण राहिलें, आणि मरणाऱ्यांत वृद्धांचा भरणा मोठा होता. स्वीडन देशानें १९५९ सालीं नव्या ट्रॅक्टरांवर चालकाभोंवतीं पोलादी चौकट सक्तीची केली. पुढील कांहीं दशकांत तेथें ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यु जवळजवळ नाहींसे झाले. आपण गांवच्या लोहाराकडून जें पत्र्याचें छत बसवून घेतों तें म्हणजे ही चौकट नव्हे. तें उन्हापुरतें आहे. ट्रॅक्टर उलटला तर तें कागदासारखें दबतें. खरी चौकट असली तरी पट्टा बांधल्याखेरीज तिचा उपयोग नाहीं, कारण न बांधलेला माणूस बाहेर फेंकला जाऊन तिच्याच खालीं सांपडतो.

मडगार्डवर नातवंडें बसविण्याचा आपला शौक यापुढें बंद व्हावा. त्यावर अधिक लिहीत नाहीं.

चढण्या-उतरण्यांतहि कांहीं शिकण्यासारखें आहे, असें मला सत्तरीपर्यंत वाटलें नव्हतें. तोंड ट्रॅक्टरकडे ठेवून, दोन हात व एक पाय किंवा दोन पाय व एक हात असे तीन आधार सदां टेकलेले ठेवून, चढावें व उतरावें. पाठ करून उडी मारूं नये. दोन तास बसून आंखडलेले गुडघे त्या उडीला तयार नसतात, आणि चिखलानें भरलेली चप्पल पायरीवरून हमखास सटकते. चप्पल घालून ट्रॅक्टर चालवूंच नये, बूट घ्यावे. उतरण्यापूर्वीं अवजार जमिनीवर टेकवावें, ब्रेक अडकवावा, किल्ली काढून खिशांत घालावी, आणि मग क्षणभर बसून राहावें. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उठल्यास भोंवळ येते, ती या क्षणभरांत निघून जाते. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यानें न्याहारी केल्यावांचून बैठकीवर बसूं नये, आणि हत्यारांच्या पेटींत गुळाचा खडा ठेवावा. सर्दीच्या कित्येक गोळ्यांनीं गुंगी येते. त्या दिवशीं ट्रॅक्टरला सुट्टी. म्हातारपणीं तहान कमी लागते, पण पाण्याची गरज कमी होत नाहीं; तेव्हां तहानेची वाट न पाहतां दर तासाला पाणी प्यावें.

कानाविषयीं मात्र मला आधींच कोणी सांगावयास हवें होतें. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर चालकाच्या कानाशीं नव्वद डेसिबलच्या आसपास, कित्येकदां त्याहूनहि अधिक, आवाज असतो. अशा आवाजानें ऐकणें जातें तें प्रथम उंच स्वरांचें. पांखरांचा किलबिलाट, बायकामुलांच्या हांका या आधीं जातात; इंजिनाची खरज मात्र स्पष्ट ऐकूं येत राहते, आणि त्यामुळें आपला कान शाबूत आहे असा भ्रम होतो. चौतीस वर्षें उघड्या कानांनीं ट्रॅक्टर चालविल्यावर सूनबाईची हांक मला कां ऐकूं आली नाहीं, हें कानाच्या डॉक्टरांनीं तपासून सांगितलें तेव्हां कळलें. गेलेलें तें परत येत नाहीं. मुलाला मीं कानावर बसविण्याचीं आवरणें आणून दिलीं. तो तीं दहांतून सहा दिवस घालतो.

डोळ्यांचें तसें नाहीं. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि दिवसा उत्तम दिसूं लागलें. पण संधिप्रकाशांत व समोरून दिवे आले असतां वृद्धाला तरुणाइतकें दिसत नाहीं, म्हणून दिवस मावळल्यानंतरचें चालविणें आणि रस्त्यावरची ट्रॉली हीं दोन्ही मीं सोडलीं. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर वयाच्या पंचावन्न वर्षांपुढें परवान्याचें नूतनीकरण एका वेळीं पांच वर्षांपुरतेंच होतें, आणि चाळिशीपुढील अर्जदारास डॉक्टरचा दाखला जोडावा लागतो. पांच वर्षें हा काळ सत्तरीनंतर फार मोठा आहे. आमच्या घरीं दर पाडव्याला कामांच्या वांटणीची उजळणी होते. कोणतें काम सोडावयाचें हें मी सांगतों, आणि मीं न सांगितलें तर सूनबाई सांगते. पहिल्या पाडव्याला तिनें कुळवणीहि काढून घ्यावी असें म्हटलें होतें. त्यावर थोडी बोलाचाली झाली. कुळवणी राहिली, पण उन्हाळ्यांत सकाळीं दहाच्या आंत.

राहिलें चालणें. ज्या रानांत दुसऱ्या दिवशीं ट्रॅक्टर जावयाचा तें रान मी आदल्या संध्याकाळीं पायीं पालथें घालतों. ठिबकच्या नळीचें वर आलेलें टोंक, व्हॉल्व्ह, पावसानें उघडा पडलेला धोंडा, विसरलेली खुंटी, बांधाला उंदरांनीं वा खेंकड्यांनीं पाडलेलें भगदाड, असें जें सांपडेल तेथें निरगुडीची फांदी रोवून वर पांढरें फडकें बांधतों. दोन-अडीच मैल सहज होतात. गेल्या वर्षीं याच फेरींत ओढ्याकडेचा बांध आंतून पोखरलेला दिसला. वरून गवत होतें, ट्रॅक्टरवरून तें दिसलें नसतें. मुलानें त्या बाजूनें चार फूट सोडून नांगर घातला.

पाहणीची एक वही ठेवली आहे. तींत तारीख, तासांच्या काट्याचा आंकडा, तेल, पाणी, डिझेल आणि शेरा अशीं घरें आंखलीं आहेत. काट्याचे बारीक आंकडे मला चष्म्यानेंहि नीट दिसत नाहींत, म्हणून शाळेला जाण्यापूर्वीं नातू येऊन ते वाचतो व वहींत लिहितो. तो ट्रॅक्टरच्या डाव्या अंगाला, मला दिसेल असा उभा राहतो. तेवढा एक नियम त्याला घालून दिला आहे. काल आंकडा ४२३८ चा होता. तेल बदलण्यास बारा तास उरले आहेत, आणि कारखान्याची तोडणीची चिठ्ठी केव्हांहि येईल. तेव्हां रविवारीं तेल बदलून घ्यावें असा शेरा मारून वही मुलाच्या उशाशीं ठेवली आहे.